दूरचित्रवाणीवरील भुतें

अमेरिकेंत ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीन सणाच्या सुमारास दूरचित्रवाणीवर भुताखेतांच्या चित्रपटांची रीघ लागते. १९५७ सालीं ‘शॉक थिएटर’ या नांवाखालीं युनिव्हर्सल कंपनीचे ५२ जुने बोलपट तेथील केंद्रांस मिळाले, आणि १९३१ सालचे ‘ड्रॅक्युला’ व ‘फ्रँकेन्स्टाइन’ दिवाणखान्यांत शिरले. तिकडे लेकीसुनांकडे गेलेल्या वाचकांस आम्ही मात्र १९४२ सालचा ‘कॅट पीपल’ सुचवूं. ओस रस्त्यानें रात्रीं एक तरुणी चालली आहे. मागचीं पावलें एकाएकीं थांबतात, आणि फिस्कारत येऊन उभी राहते ती बस! पुढें पोहण्याच्या तलावाशीं केवळ सावल्या व गुरगुर. दिग्दर्शक तूर्नर यांनीं श्वापद बहुतेक दाखविलेंच नाहीं. घरांतील मुलें निजल्यावरच तो लावावा. ड्रॅक्युलास तीं दुसरे दिवशीं खेळांत घेतील. ही सावली अंथरुणाशीं येईल.