रोग बरा झाला, फुप्फुसाचे काय?

यवतमाळ शहराला लागून लोहारा आहे. तिथे औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्या आधाराने जगणारी, हातावर पोट असलेली माणसे आहेत. जिल्हा कापसाचा. इथला मजूर खोकू लागला की म्हणतो, 'काही नाही, नाकातोंडात धूळ गेली.' शेजारी म्हणतो, 'बिडी कमी कर.' मुकादमाला कामाशी मतलब. या तीन वाक्यांत दोन महिने निघून जातात. त्या दोन महिन्यांत मजुराच्या छातीत जे मोडते, ते पुढे कोणत्याही औषधाने पुरते भरून येत नाही. म्हणून हा विषय आम्ही आज घेतला आहे.

क्षय हा पूर्वजन्मीच्या पापाचा किंवा घराण्याच्या शापाचा रोग नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्याचा जंतू जगासमोर मांडला आणि दैवाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. रोगी खोकला की हा जंतू हवेत येतो आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतो. शरीराच्या रक्षक पेशी त्याला गिळतात, पण बरेचदा मारू शकत नाहीत. मग त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधून त्याला कोंडून ठेवतात. लागण झालेल्या शंभरांपैकी नव्वदांच्या आसपास माणसे अशीच आयुष्यभर निरोगी राहतात.

उरलेल्यांचा पहारा ढिला पडतो. मोठ्या माणसात रोग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात डोके काढतो. तिथली गाठ आतून कुजते, पनीरासारखी भुसभुशीत होते आणि मग पातळ होते. हा लगदा श्वासनलिकेत फुटला की मागे पोकळी राहते. पोकळीत भरपूर हवा असते, त्यामुळे जंतू तिथे बेसुमार वाढतात. ते बेडक्यातून बाहेर पडतात, आणि त्याच फुप्फुसाच्या चांगल्या भागातही उतरतात. पोकळीच्या भिंतीतली रक्तवाहिनी झिजून फुटली की खोकल्यातून रक्त पडते. मजूर घाबरून दवाखाना गाठतो तो तेव्हा. तोवर फार उशीर झालेला असतो.

औषधाने जंतू मरतात. नेहमीच्या क्षयावर सहा महिन्यांचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि तो पूर्ण केला तर बहुतेक रोगी बरे होतात. पण जखम भरते ती जाड, ताठर व्रणाने. व्रणात हवा शिरत नाही. फुप्फुसाचा तो भाग आक्रसतो, जवळच्या श्वासनळ्या ओढल्या जाऊन कायमच्या रुंदावतात आणि त्यात कफ साचतो. कागदावर 'बरा झाला' असा शेरा पडतो. पण पोते उचलायला गेलेला माणूस दहा पावलांत धापा टाकतो. त्याचा दम परत क्षय समजला जातो आणि कधी कधी गरज नसताना तीच औषधे पुन्हा सुरू होतात. आमचा सवाल साधा आहे : रोग्याची फाईल बंद झाली, पण ज्याची छाती हेच त्याचे भांडवल होते, त्या माणसाचे काय?

पहारा ढिला कुणाचा पडतो, हेही पाहिले पाहिजे. मधुमेह, एचआयव्ही, दारू, तंबाखू, दगडखाणीतली धूळ ही कारणे आहेतच. पण आपल्या देशातले मोठे कारण रिकामे पोट आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात रोग्यांच्या घरच्या माणसांना पोषक शिधा देऊन पाहिला गेला. त्या घरांत नवा क्षय होण्याचे प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटले. ज्याला आम्ही भाकरीचा प्रश्न म्हणत आलो, तो फुप्फुसाचाही प्रश्न आहे. संविधानाच्या ४७व्या अनुच्छेदाने पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे, ते उगीच नव्हे. रोग्याला २०१८ पासून महिना ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये आहारासाठी मिळतात. वाढ झाली, हे आम्ही मान्य करतो. पण कमावता माणूस अंथरुणाला खिळला की हजार रुपयांत घर किती दिवस जेवेल?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याची आखणी प्रा. अदारकर यांच्याकडे सोपवली गेली. त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. या विम्यात नोंद असलेल्या आणि अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला क्षयासाठी दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या ८० टक्के भत्ता मिळू शकतो. पण ठेकेदाराने नावच नोंदवले नाही, तर हा हक्क कागदावरच राहतो. लोहाऱ्यात असो वा बुटीबोरीत, कामगाराने पहिला प्रश्न विचारावा : माझा विमा क्रमांक कुठे आहे?

एक गोष्ट मात्र आपल्याच माणसांना सांगायची आहे. घरात क्षय निघाला की सुनेचे ताट वेगळे होते, पेला वेगळा होतो, पोरीचे लग्न मोडते. क्षय ताटवाटीने पसरत नाही. तो कोंदट खोलीतल्या खोकल्याने पसरतो आणि योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत त्याचा धोका बहुधा ओसरतो. रोग्याने तोंडावर रुमाल धरावा, घरच्यांनी खिडकी उघडावी आणि स्वतःची तपासणी करून घ्यावी. वेगळ्या पेल्याचे दुःख ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले आणि त्याविरुद्ध १९२७ साली महाडला पाण्याची ओंजळ भरली, त्यांनी आपल्याच आजारी माणसासमोर वेगळा पेला ठेवावा?

देश २०२५ पर्यंत क्षयमुक्त करण्याची घोषणा २०१८ मध्ये झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार रोग घटला आहे, तरीही जगातल्या चार रोग्यांपैकी एक भारतातला आहे. आमच्या मागण्या थोड्या आहेत. खोकला लांबलेल्या प्रत्येक मजुराचा बेडका आणि एक्स-रे कामाच्या ठिकाणाजवळ तपासा. उपचार संपल्यावर श्वासाची क्षमता मोजा. ज्याची छाती अधू झाली, त्याला झेपेल असे काम किंवा अपंगत्वाचा लाभ द्या. आणि आपण? पुढच्या रविवारी विहारात वंदना झाली की एकच विचारा : दोन आठवड्यांपासून कोण खोकतो आहे? त्याचा हात धरा आणि सोमवारी दवाखान्यात घेऊन जा. मोडायच्या आधी वाचवलेले फुप्फुस हेच वाचलेले फुप्फुस.