वर्गणीचे अर्थशास्त्र

बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद येथील मोठ्या कंपन्यांत स्थिरावलेल्या मराठी मंडळींकडून एक बेत वारंवार कानी येतो : नोकरी सोडावी, स्वतःचे सॉफ्टवेअर तयार करावे आणि ते मासिक वर्गणीवर विकावे. उदाहरण बहुधा गिरीश मातृभूतम यांचे दिले जाते. २०१० मध्ये झोहो सोडून त्यांनी चेन्नईत फ्रेशडेस्क सुरू केले. तीच कंपनी फ्रेशवर्क्स या नावाने सप्टेंबर २०२१ मध्ये नॅसडॅकवर नोंदली गेली. उदाहरण खरे आहे, परंतु त्यामागे मोठ्या गुंतवणूकदारांचे भांडवल उभे होते. भविष्यनिर्वाह निधीच्या भरवशावर बाहेर पडणाऱ्याने निराळा हिशेब मांडावयास हवा.

समजा, वर्गणी दरमहा १,००० रुपये आहे, दरमहा १० नवे ग्राहक मिळतात आणि असलेल्यांपैकी ५ टक्के दरमहा गळतात. पहिल्या वर्षअखेर ग्राहक होतात सुमारे ९२, दुसऱ्या वर्षअखेर १४२. संख्या २०० च्या जवळ आली की येणारे दहा आणि जाणारेही दहा. उत्पन्न दोन लाखांवर थबकते, आणि त्यातून सर्व्हरचे भाडे, मदतनिसाचा पगार व कर अजून जावयाचे असतात. गळती अडीच टक्क्यांवर आणली तर हीच मर्यादा ४०० होते. विक्री दुप्पट करूनही तेथेच पोहोचता येते, मात्र तो खर्च दर महिन्याला नव्याने करावा लागतो. नोकरीतून आलेला अभियंता नवनव्या सोयी रचण्यात रमतो. ग्राहक का सोडून गेला, हे फोन करून विचारणे त्यास कमीपणाचे वाटते, असे माझे निरीक्षण आहे.

आपल्या नियतकालिकांनी हा धडा फार पूर्वी गिरविला आहे. आजीव वर्गणीदारांची रक्कम एकदाच आली आणि खर्चून गेली. अंक मात्र वाढत्या कागददराने पाठवीत राहावे लागले. एकरकमी पैसे घेऊन सॉफ्टवेअर ‘कायमचे’ विकणारे आज तेच करीत आहेत.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरील आवर्ती वजावटीपूर्वी किमान २४ तास सूचना देणे बंधनकारक केले आणि ५,००० रुपयांवरील प्रत्येक वजावटीस नव्याने संमती आवश्यक ठरविली. जून २०२२ मध्ये ही मर्यादा १५,००० झाली. उद्योजकांनी त्रागा केला. प्रारंभी व्यवहार अडकले, हे मान्य. तरीही मी नियमाच्या बाजूने आहे. ग्राहकाच्या विस्मरणावर चालणारी वर्गणी उत्पन्नात धरणे ही स्वतःचीच फसवणूक होय, आणि सूचना मिळाल्यावर जो थांबतो तोच खरा ग्राहक.

प्रशासनाकडून उणीव आहे ती कर्जाच्या बाबतीत. लघुउद्योगांना तारणाविना कर्ज मिळावे म्हणून पतहमी योजना २००० पासून आहे. तथापि बँकेचा अधिकारी यंत्रे, माल आणि इमारत शोधतो. वर्गणीदारांची यादी त्यास मालमत्ता वाटत नाही. वस्तुतः दोन वर्षांचा नूतनीकरणाचा तक्ता गोदामातील साठ्यापेक्षा अधिक बोलका असतो. कोणत्या महिन्यात आलेले किती ग्राहक आज टिकून आहेत, एवढा एक रकाना कर्जाच्या अर्जात घातला, तरी शाखेत बसलेल्या अधिकाऱ्यास होकार वा नकार देण्यासाठी काही आधार मिळेल.