देवाला ‘आज’ ठाऊक असतो का?

उद्या माणूस काय करणार हे देवाला आधीच ठाऊक असेल आणि देव कधी चुकत नसेल, तर माणसाच्या हाती उरतं काय? राजद्रोहाच्या आरोपाखाली उत्तर इटलीत कैदेत पडलेला, देहदंडाची वाट पाहणारा रोमन विद्वान बोएथियस इ.स. ५२४च्या सुमारास या प्रश्नाशी झुंजत होता. त्याने तोडगा काढला: देव काळाच्या ओघात नाहीच. काल, आज, उद्या त्याच्यापुढे एकदमच उघडे आहेत. तो ‘आधी’ जाणत नाही, नुसता पाहतो. आणि रस्त्याने चालणाऱ्याकडे कोणी गच्चीवरून पाहिलं, म्हणून त्याला चालणं भाग पडत नाही.

तोडगा देखणा आहे. पुढे थॉमस अक्वायनसनेही तो उचलून धरला.

त्यातली गोम १९६२ साली न्यूझीलंडचे तर्कशास्त्रज्ञ आर्थर प्रायर यांनी दाखवली. प्रायर तेव्हा मँचेस्टरला शिकवत, आणि उदाहरणही त्यांनी मास्तरकीतलंच घेतलं. मँचेस्टरच्या १९६०च्या अंतिम परीक्षा आता संपल्या आहेत, हे कालातीत देवाला कळणारच नाही. परीक्षेची तारीख कळेल, तिच्या आधी-नंतर काय घडलं तेही कळेल. पण ‘संपल्या एकदाच्या’ हे कळायला काळाच्या आतच असावं लागतं. कुठल्याही परीक्षार्थीला हे समजावून सांगायची गरज नाही.

भाविकाला हा सौदा महागच पडतो. वारकरी पंढरीला पोचला आणि विठ्ठलाला आज आषाढी आहे हेच ठाऊक नसेल, तर भेट कोणाची?

गीतेतला कृष्ण असा काळाबाहेर जाऊन बसत नाही. सातव्या अध्यायात तो भूत, वर्तमान, भविष्य जाणतो. अकराव्यात आपणच काळ असल्याचं सांगून अर्जुनाला केवळ निमित्त ठरवतो. आणि अठराव्यात, नीट विचार करून तुला वाटेल तसं कर, असंही म्हणतो. ही टोकं जुळवताना भाष्यकारांची दमछाक झाली नसती तरच नवल.

चौदाव्या शतकातला प्रोव्हान्सचा ज्यू विद्वान लेवी बेन गेर्शोन त्या मानाने रोखठोक. माणसापुढे कोणत्या वाटा आहेत ते देव जाणतो. त्यातली कोणती तो धरील, ते नाही. जे ठरलेलंच नाही ते न जाणण्यात उणेपणा कसला? सर्वज्ञतेला कात्री बोएथियसही लावतो, फक्त ती दिसू देत नाही. लेवीने ती उघडपणे लावली. धर्मबांधवांना ते पचलं नाही. त्याच्या ‘देवाची युद्धे’ या ग्रंथाचं टीकाकारांनी नवं बारसं केलं: ‘देवाविरुद्धची युद्धे’.