शेतमालाचा हिशेब करणाऱ्यांच्या मागण्या

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. महासंचालक, महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद, पुणे
मा. कुलगुरू, राज्यातील चारही कृषी विद्यापीठे

विषय : कृषी व अन्न अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाबाबत

महोदय,

खरीप २०२४-२५ साठी केंद्र सरकारने सोयाबीनला क्विंटलमागे ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर केला. हा भाव ३,२६१ रुपये या उत्पादनखर्चाच्या दीडपट आहे. त्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या बाजार समित्यांत सोयाबीन हमीभावाखाली विकले गेले, त्यावरून मोर्चे निघाले, निवडणुकीच्या सभा गाजल्या. ते योग्यच होते. पण ३,२६१ हा आकडा कसा निघाला, हे फारसे कुणी विचारले नाही. तो प्रश्न आमच्या अभ्यासाचा आहे. राज्यातल्या कृषी विद्यापीठांत कृषी अर्थशास्त्रात एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांची ही संघटना आहे आणि हे मागणीपत्र आम्ही त्या प्रश्नापासूनच सुरू करतो.

हा आकडा शेताच्या बांधावर तयार होतो. १९७०-७१ पासून देशात पीक लागवड खर्चाच्या अभ्यासाची योजना चालू आहे. महाराष्ट्रात ती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामार्फत राबवली जाते. बियाणे, खत, भाडोत्री ट्रॅक्टर, मजुरी असा रोखीने झालेला खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळून जी बेरीज होते, तिच्यावर सध्याचा दीडपट हमीभाव उभा आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरले की खर्च आणखी वाढतो. तो ‘सी-२’ खर्च धरून दीडपट भाव द्या, ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे. कोणता खर्च धरायचा हा राजकीय निर्णय असेल, पण प्रत्येक खर्च नेमका किती, हा मोजणीचा प्रश्न आहे. देशाच्या सरासरीत क्विंटलमागे १०० रुपये कमी धरले गेले, तर हमीभाव १५० रुपयांनी खाली येतो.

मोजणी कुठे चुकते, ते आम्ही गावोगाव पाहतो. खातेदाराला विचारले की मजुरांना दिलेले पैसे तो चटकन सांगतो, दुकानदाराची उधारीही त्याच्या तोंडपाठ असते. घरच्या बाईने किती दिवस खुरपणी केली, किती संध्याकाळी शेंगा वाळवल्या, बियाणे निवडायला किती वेळ दिला, हे विचारले की तो थांबतो आणि अंदाजाने काहीतरी सांगतो. तो खोटे बोलत नसतो. तिने केलेल्या कामाची कुणी कधी नोंदच ठेवलेली नसते. हाच प्रश्न तिला स्वतःला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून, घाई न करता विचारला की उत्तर बदलते. हे कौशल्य वर्गात येत नाही. त्याला दिवस लागतात, दुसऱ्यांदा गावात जावे लागते आणि बसभाडे लागते.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत मोठी मागणी सर्वेक्षणाच्या खर्चाची आहे. आमचा प्रबंध म्हणजे बहुधा एक जिल्हा, त्यातले दोन-तीन तालुके, प्रत्येक तालुक्यातली काही गावे आणि लहान, मध्यम, मोठ्या गटांतली शंभराच्या आसपास कुटुंबे. एका मुलाखतीला दीड-दोन तास सहज जातात आणि शेतकरी भेटतो तो सकाळी लवकर नाहीतर दिवेलागणीनंतर. बहुतेकांना हा खर्च घरून आणावा लागतो, आणि ते घरही बहुधा शेतकऱ्याचेच असते. मग नमुना निवडताना शास्त्र मागे पडते. नातेवाइकांचे गाव, एसटीच्या रस्त्यावरचे गाव, राहायला फुकट जागा असलेले गाव निवडले जाते. हंगामात तीनदा जायचे तिथे काढणीनंतर एकदाच जाऊन सहा महिन्यांचा खर्च आठवून सांगा, असे शेतकऱ्याला म्हणावे लागते. प्रबंध मंजूर होतो, आकडा मात्र कच्चा राहतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला रसायने आणि उपकरणे विभागाकडून मिळतात. आमची प्रयोगशाळा गाव आहे, तिचाही खर्च विभागाने उचलावा. प्रत्यक्ष प्रवास, मुक्काम आणि सर्वेक्षणासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला अनुदान मिळावे आणि ते हंगाम सुरू होण्याआधी मिळावे. बिले जोडून वर्षभराने मिळणारी रक्कम ज्याच्या खिशात आज पैसे नाहीत त्याच्या कामाची नाही. विद्यार्थिनींना दोघींनी मिळून सर्वेक्षण करण्याची मुभा, दोघींचाही खर्च आणि मुक्कामाची सुरक्षित सोय द्यावी. घरातल्या बाईच्या श्रमाची खरी नोंद बहुधा त्याच घेऊन येतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या पीएच.डी.च्या संशोधकांसाठी आहेत, एम.एस्सी.च्या दोन वर्षांसाठीही तसा आधार हवा.

दुसरी मागणी या नोंदी जपण्याची आहे. आमचे प्रबंध ‘कृषिकोश’ या राष्ट्रीय संग्रहात वाचायला मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. पण तिथे सापडतात ती प्रबंधातली कोष्टके, म्हणजे सरासऱ्या. ज्या कुटुंबवार नोंदींतून त्या सरासऱ्या निघाल्या, त्या भरलेल्या प्रश्नावल्या पदवी मिळाल्यावर कपाटात जातात आणि तिथून रद्दीत. दरवर्षी राज्यभरातल्या शेतकरी कुटुंबांनी आपला वेळ देऊन सांगितलेला हिशेब असा संपतो. याच राज्यात याहून वेगळे घडलेले आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. जमिनीचे तुकडे, कर्ज, घरागणिक उत्पन्न असे सारे त्यांनी छापून ठेवले. आज तिथे उंच इमारती आहेत, पण शंभर वर्षांपूर्वीच्या दख्खनी शेतकऱ्याचा संसार कसा चालत होता हे त्या नोंदींमुळे आपल्याला कळते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने १९७५ पासून सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातल्या कंझारा व किनखेडा या गावांत कुटुंबवार नोंदी ठेवल्या आणि संशोधकांना खुल्या केल्या. त्यातल्या शिरापूर, कंझारा आणि तेलंगणातल्या ओरेपल्ली यांच्या नोंदींवर अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये लिहिलेला निबंध जगभरच्या विद्यापीठांत शिकवला जातो. दुष्काळ पडला, पीक बुडाले, तर गावातली कुटुंबे एकमेकांच्या आधाराने आपला खाण्यापिण्याचा खर्च कितपत सावरून धरतात, हा त्यातला प्रश्न. कोरडवाहू महाराष्ट्राला याहून जवळचा प्रश्न कोणता असेल? अमेरिकेतला विद्यार्थी शिरापूरच्या नोंदी वापरतो, तर शेजारच्या तालुक्यातल्या आमच्या विद्यार्थ्याला स्वतःच्याच विभागातल्या दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीही मिळायला हव्यात. चारही विद्यापीठांनी मिळून एक सामाईक नोंदभांडार उभे करावे. शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, फोन काढून टाकावा, प्रश्नावलीचा मूळ नमुना सोबत ठेवावा, आणि नोंदी जमा केल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये. आमच्यापैकी ज्यांच्याकडे जुन्या प्रश्नावल्या आहेत, ते त्या या भांडाराला द्यायला तयार आहेत.

तिसरी मागणी अभ्यासक्रमाची. आम्ही पीक उत्पादनाचे आणि बाजारसाखळीचे अर्थशास्त्र शिकतो. लागवड खर्च, कॉब-डग्लस फलन, गॅरेट क्रमवारी, आडत-हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हाती ग्राहकाच्या रुपयातले किती पैसे पडले याचे गणित, हे सारे आम्हाला येते. पण माल बाजार समितीच्या फाटकाबाहेर पडला की आमचा अभ्यास जवळपास थांबतो. खाणाऱ्या माणसाला आमच्या विषयात फार थोडी जागा आहे. २०२३-२४ च्या राष्ट्रीय उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाच्या मासिक खर्चात अन्नाचा वाटा ४७ टक्क्यांच्या आसपास होता, शहरी कुटुंबाच्या सुमारे ४० टक्के. त्यातही पेये, नाश्ता आणि तयार खाद्यपदार्थांवरचा खर्च धान्यावरच्या खर्चापेक्षा मोठा झाला आहे. हा बदल पेरणीपर्यंत पोहोचतोच. महाराष्ट्रात ज्वारीचे क्षेत्र घटत गेले. ते ज्वारी खाणारे कमी झाले म्हणून, रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळाला म्हणून, की सोयाबीन-कापसाचे पैसे रोख हाती येतात म्हणून? ज्वारी पिकवणाऱ्या मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला आणि पोषणाचे काम करणाऱ्या अंगणवाडी सेविकेलाही या उत्तराची गरज आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे. देशाची ग्रामीण लोकसंख्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी ५० टक्क्यांपर्यंत त्याच्या कक्षेत येते. एवढ्या मोठ्या खरेदीदाराचा अभ्यास केल्याशिवाय शेतमालाचा बाजार समजणार नाही. अन्नाचा उपभोग, पोषण आणि सार्वजनिक वितरण यांवरचा एक पूर्ण अभ्यासक्रम आम्हाला सक्तीचा करा.

त्याच्या जोडीला धोरणाचा अभ्यास हवा, आणि तो चालू निर्णयांवर हवा. कांद्याचेच पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, ८ डिसेंबरला निर्यात बंद झाली, मे २०२४ मध्ये ती किमान निर्यातमूल्य आणि शुल्कासह उघडली, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून ते उठले. दोन वर्षांच्या आत पाच वळणे! प्रत्येक वळणावर लासलगावच्या लिलावात काय घडले, चाळीत कांदा ठेवणाऱ्याने किती सोसले, शहरातल्या ग्राहकाला खरोखर किती दिलासा मिळाला, परदेशी खरेदीदार कुणाकडे वळला, हे रोजच्या आवक आणि भावांच्या नोंदींवरून तपासता येते. पीक विम्याचेही तेच. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांनी १९७६ मध्ये क्षेत्र एकक धरून पीक विम्याची मांडणी पुण्यात बसून केली. आजची विमा योजना त्याच तत्त्वावर उभी आहे. राज्याने २०२३ मध्ये एक रुपयात विमा दिला आणि २०२५ मध्ये ती पद्धत बंद केली. देताना आणि बंद करताना तालुकावार हिशेब कुणी मांडला आणि तो कुठे वाचायला मिळतो, हे विचारण्याचा शेतकऱ्याला हक्क आहे. प्रत्येक सत्रात एका चालू निर्णयावर चार पानांचे टिपण विद्यार्थ्याने लिहावे आणि कृषी विभागाने ते वाचून लेखी अभिप्राय द्यावा, एवढे तरी सुरू व्हावे.

हे शिकवायचे तर शिक्षक हवेत. विभागांतली रिक्त पदे विद्यापीठवार जाहीर करा आणि कायमस्वरूपी भरा.

गणिताची बाजूही पक्की हवी. आमच्याकडे पिकाची जाण आहे, अर्थमितीचे शिक्षण तोकडे पडते; एम.ए. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे बरेचदा उलटे असते. पण कृषी पदवी नसलेल्यांना आमच्या अभ्यासक्रमाचे दार बंद आहे आणि आम्हाला त्यांच्या वर्गात बसता येत नाही. पुण्याच्या गोखले संस्थेत १९५४ पासून कृषी-अर्थ संशोधन केंद्र आहे, मुंबईत इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, सहकार शिकवणारी वैकुंठ मेहता संस्थाही पुण्यातच आहे. या संस्थांत एक सत्र शिकून त्याचे श्रेयांक आमच्या पदवीत धरले जावेत. अर्थशास्त्राच्या पदवीधरांनाही, शेतीचे पायाभूत विषय एका वर्षात पूर्ण करण्याच्या अटीवर, काही जागा द्याव्यात. यामुळे आमच्या जागा कमी होतील अशी भीती काही सभासदांनी बोलून दाखवली. त्यावर आमचे म्हणणे एवढेच की या जागा वाढीव असाव्यात, आहेत त्यांतून काढू नयेत.

प्रबंधाचा निष्कर्ष ज्यांनी माहिती दिली त्यांच्यापर्यंत पोहोचावा, यासाठी प्रत्येक प्रबंधाला मराठी सारांश सक्तीचा करावा आणि तो संबंधित गावांच्या ग्रामसभेत विद्यार्थ्याने स्वतः मांडावा. शेतकरी प्रश्न विचारतील, चुका दाखवतील. तोंडी परीक्षेइतकेच वजन त्या चर्चेला असावे. हमीभावासाठी केंद्रीय आयोग राज्याचे म्हणणे मागवतो, तेव्हाही विद्यापीठांतल्या या नोंदी हाताशी असतील तर राज्याची बाजू भक्कम होईल.

शेवटी नोकरीविषयी. प्रत्येक जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात बाजारभाव आणि उत्पादनखर्च पाहणारे कृषी अर्थशास्त्रज्ञाचे एक पद निर्माण करावे. मोठ्या बाजार समित्या आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणारे राज्याचे कृषी प्रकल्प यांनी मूल्यमापनाचे काम बाहेरच्या सल्लागारांना देताना त्यात आमच्या विभागांना सहभागी करून घेण्याची अट घालावी.

या सगळ्या मागण्या एका अर्थसंकल्पात पूर्ण होणार नाहीत, हे आम्ही जाणतो. सर्वेक्षण अनुदान आणि नोंदभांडार या दोन गोष्टी मात्र थांबू शकत नाहीत, कारण प्रत्येक हंगामाबरोबर एकेका वर्षाच्या नोंदी कायमच्या जातात. रब्बीच्या सर्वेक्षणासाठी आमचे विद्यार्थी नोव्हेंबरमध्ये गावांत जायला लागतात. त्याआधी, ऑक्टोबर अखेरपर्यंत, परिषदेच्या पुण्यातील कार्यालयात चारही विद्यापीठांचे विभागप्रमुख आणि आमचे प्रतिनिधी यांची बैठक बोलवावी आणि अनुदानाची रक्कम त्याच बैठकीत ठरवावी. प्रश्नावलीचा सामाईक मसुदा आणि एका सर्वेक्षणाच्या खर्चाचे तपशीलवार अंदाजपत्रक आम्ही सोबत घेऊन येऊ.

आपले,
संघटनेचे सर्व सभासद