रक्तस्राव रोखणारे औषध आणि पेडणे-डिचोलीचे अंतर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातील एक-तृतीयांशाहून अधिक महिलांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले. त्यामुळे वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय आता केवळ शहरी श्रीमंतांपुरता राहिलेला नाही. या शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग कापून उरलेला भाग स्टेपलने सांधतात. रक्तस्रावाची भीती असते ती याच सांध्यातून.

तो कमी करण्यासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या स्वस्त औषधाचा विचार होत आहे. जपानमधील ओकामोतो दाम्पत्याने १९६२ मध्ये ते जगापुढे आणले. हे औषध नवी गुठळी तयार करत नाही. जखमेवर धरलेली गुठळी लवकर विरघळू देत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पॉइज-३' चाचणीत हृदयाव्यतिरिक्तच्या शस्त्रक्रियांचे ९,५३५ रुग्ण होते. गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण औषध घेतलेल्यांत ९.१ टक्के, तर न घेतलेल्यांत ११.७ टक्के आढळले.

मात्र हृदय व रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने औषध सुरक्षित असल्याचे त्याच चाचणीत ठरलेल्या निकषावर सिद्ध झाले नाही. स्थूल रुग्णांना पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका मुळातच अधिक असतो. म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवणारी औषधेही दिली जातात. एका हाताने गुठळी टिकवायची आणि दुसऱ्या हाताने टाळायची, असा हा तोल आहे. वजनघटीच्या शस्त्रक्रियांवरील स्वतंत्र अभ्यास तुलनेने लहान असल्याने सरसकट वापरापेक्षा रुग्णागणिक निर्णय घेणेच शहाणपणाचे ठरते.

पेडणे व डिचोली तालुक्यांसाठी खरा प्रश्न शस्त्रक्रियेनंतर सुरू होतो. मोठ्या उपचारांसाठी येथील रुग्णाला म्हापसा किंवा बांबोळी गाठावी लागते. घरी परतल्यावर जवळ असते ते आरोग्य केंद्र. काळे शौच, रक्ताची उलटी, घेरी ही रक्तस्रावाची लक्षणे. पायाला सूज, अचानक धाप ही गुठळीची. दोन्हींवरील उपचार परस्परविरुद्ध असल्याने रुग्णाला कोणते औषध कधी दिले, हे तेथील डॉक्टरांना तत्काळ कळले पाहिजे.

त्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. घरी सोडताना औषधांची नोंद, धोक्याची लक्षणे व संपर्क क्रमांक मराठी-कोकणीत लिहून दिले आणि त्याची प्रत स्थानिक केंद्राकडे पाठवली, तरी बरेच साधेल. शस्त्रक्रियागृहात वाचवलेले रक्त घरच्या वाटेवर गमावू नये, एवढी दक्षता आरोग्य खात्याला सहज शक्य आहे.