पोटऱ्या भरलेल्या, तरी मुलगा सारखा का पडतो? ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीबद्दल हे माहीत हवं

चार-पाच वर्षांचा मुलगा धावताना सारखा पडतो. जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतो. पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या. 'अंगानं दणकट आहे, जरा आळशी आहे,' म्हणत घरचे वाट पाहतात. पण ही ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीची लक्षणं असू शकतात.

स्नायूत काय बिघडतं?

स्नायू आखडतो तो अॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांमुळे. डिस्ट्रोफिन हे प्रथिन स्वतः जोर लावत नाही. ते आतल्या अॅक्टिनला पेशीच्या आवरणाशी बांधून ठेवतं. बंडी ओढतात बैल, पण झटके सोसतो तो बांधलेला दोर, तसंच हे. डिस्ट्रोफिन नसेल तर हालचालींच्या ताणानं आवरणाला इजा होत राहते, पेशी मरतात आणि तिथे चरबी व कठीण तंतू साठतात. पोटऱ्या भरलेल्या दिसतात, त्या अनेकदा यामुळेच.

हा आजार साधारण ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकाला होतो. दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असतो. सुमारे एक तृतीयांश मुलांत तो नव्यानेच निर्माण होतो. म्हणून आईला बोल लावणं चुकीचं आहे.

औषधाचं काय?

अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेल्या 'एलेव्हिडिस' या जनुकीय उपचाराची किंमत ३२ लाख डॉलर, म्हणजे २५ कोटी रुपयांहून जास्त. २०२५ मध्ये हा उपचार घेतलेल्या, चालू न शकणाऱ्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. भारताच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात ड्युशेनचा समावेश आहे. पण मदतीची मर्यादा ५० लाख रुपये. त्यासाठीचं केईएम रुग्णालय मुंबईत, वर्ध्यापासून सुमारे ७५० किलोमीटरवर.

मग वर्ध्यात काय करता येईल?

सुरुवात रक्तातल्या सीपीकेच्या साध्या तपासणीनं होते. या आजारात एसजीपीटीही वाढतं, त्यामुळे कधी कधी यकृताचाच आजार समजला जातो. सेवाग्राम आणि सावंगी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत बालरोग विभाग आहेत. सीपीके खूप वाढलेलं असेल तर जनुकीय तपासणीनं निदान पक्कं होतं. स्टेरॉइड, फिजिओथेरपी आणि हृदयाची नियमित तपासणी यांनी आजार बरा होत नाही, पण चालण्याची वर्षं वाढू शकतात.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो.

कोट्यवधींचं औषध आज बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. लवकर निदान मात्र आवाक्यात आहे.