शाळा सुटल्यावरचा परदेश

नागपूरच्या मध्यमवर्गीय घरातून मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली की सामानाची यादी ठरलेली असते. संत्राबर्फीचे डबे, लिंबाचे लोणचे, सावजी मसाल्याची पुडी आणि देवघरातला अंगारा. बॅग वजनकाट्यावर तीनदा चढते, तीनदा उतरते. पूर्वी हे निघणे बहुधा इंजिनिअरांचे आणि डॉक्टरांचे असे. आता त्यांत शिक्षकांचीही भर पडली आहे. आखाती देशांतल्या भारतीय शाळा, मालदीव, थायलंड, जपान अशा ठिकाणी आपली मुले इंग्रजी शिकवायला जातात. पगार किती, खोली कशी, जेवणाचे काय, हे सगळे विचारून होते. एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. संध्याकाळी शाळा सुटल्यावर तू काय करशील?

नागपुरात हा प्रश्न पडण्याचे कारणच नसते. फुटाळ्यावर चक्कर मारावी, तर चार ओळखीचे भेटतात. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर उभे राहावे, तर शाळेतला जुना सोबती खांद्यावर हात टाकतो. शेजारी, नातलग, मित्र ही माणसे आपण मिळवलेली नसतात, ती आपल्याला मिळालेली असतात. आणि म्हणूनच माणसे मिळवावी कशी, ही विद्या आपल्याकडे कोणी शिकत नाही. ती पहिल्यांदा लागते ती परक्या गावातल्या एखाद्या रविवारी दुपारी.

तसे एकटेपण कोणत्याही नोकरदाराच्या वाट्याला येते. पण इंग्रजीच्या शिक्षकाची अडचण जरा निराळी आहे. त्याला पगारच इंग्रजी बोलण्याचा मिळतो. त्यामुळे गावची भाषा शिकल्यावाचून त्याचे काही अडत नाही. शाळेबाहेर जो ओळख करून घेतो, त्यालाही बहुधा आपले इंग्रजी सुधारायचे असते. गप्पा म्हणून बसावे आणि अर्ध्या तासात तिची शिकवणी व्हावी! जपानात त्याला ‘सेन्सेई’ म्हणतात, थायलंडात ‘ख्रू’. मान भरपूर मिळतो. पण मान देणारी माणसे दोन हात लांब उभी राहतात. सहकारी शिक्षक एक-दोन वर्षांच्या करारावर आलेले. मैत्री रुजते न रुजते तोच ते बॅग भरतात. त्यात आपल्या उच्चारांविषयीचा संकोच. दक्षिण कोरियात तर इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या सात देशांच्या नागरिकांसाठीच आहे. जगाचा कल असा असल्यावर आपला शिक्षक वर्गात नेटाने उभा राहतो आणि वर्ग संपला की खोलीत शिरतो.

माझे म्हणणे एवढेच आहे, की या शिक्षकाला माणसे हवी असतील तर शाळेबाहेर त्याने कोणाचा तरी विद्यार्थी व्हावे. ही युक्ती मला एका परदेशी मास्तरांच्या चरित्रात सापडली, आणि ते मास्तर आपल्याच गावचे निघाले.

हिस्लॉप कॉलेजवरून जाताना हिस्लॉप कोण, असे आपण क्वचितच विचारतो. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडमधल्या डन्स या छोट्या गावचे. १८४५ मध्ये ते नागपूरला आले आणि १८४६ मध्ये त्यांनी इथे शाळा काढली. तेव्हा इथे तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते. रेल्वे यायला वीस-एक वर्षांचा अवकाश होता. घरचे पत्र यायला महिने लागत. अशा गावात हा गृहस्थ शाळा सुटल्यावर काय करीत असेल? तो हातोडी घेऊन दगड पाहत हिंडे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरजवळच्या टाकळीत जीवाश्म शोधले, इथल्या भूगर्भावर निबंध लिहिले. ‘हिस्लोपाइट’ नावाचे खनिज आणि ‘हिस्लोपिया’ नावाचा गोड्या पाण्यातला जीव त्यांचे नाव आजही चालवीत आहेत. ते गोंडांच्या वस्त्यांवर गेले आणि लिंगोची प्रदीर्घ गाथा मूळ गोंडी शब्दांत त्यांनी उतरवून घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये त्यांची टिपणे प्रसिद्ध केली.

ते मिशनरी होते आणि धर्मप्रसारासाठीच आले होते, हे लपवण्याचे कारण नाही. त्या हेतूशी आपले मतभेद असू शकतात. पण नुसत्या शाळेत आणि गोऱ्यांच्या छावणीत त्यांचे आयुष्य सहज गेले असते, ते तसे गेले नाही. शाळेत ते गुरू होते. गोंडाच्या अंगणात ऐकून लिहून घेणारे विद्यार्थी होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शाळा आणि तिथली प्राचीन शिलावर्तुळे पाहून रात्री घोड्यावरून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडाले. वय ४५. त्याच टाकळघाट-खापा परिसरात १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. एका परदेशी मास्तराचा फावल्या वेळातला नाद या मातीच्या इतिहासाशी असा जोडला गेला.

आपल्या मुलांनी हातोडी घ्यावी असे नाही. तबला शिकावा, टेबल टेनिस खेळावे, बाजारातल्या बाईकडून तिथला रस्सा शिकावा. शहाणपणा एवढाच, की जिथे आपल्याला सर्वांत कमी येते अशी जागा निवडावी, आणि आठवड्याच्या ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, निदान वर्षभर तिथे जावे. पहिले दोन महिने कोणी फारसे बोलणार नाही. मग एखाद्या दिवशी तुम्ही गेला नाहीत, तर दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी मोडक्या शब्दांत विचारील, मागच्या वेळी का आला नाहीत? त्या दिवसापासून ते गाव तुमचे. अडाण्यासारखे चुकत शिकणाऱ्या माणसाला कोणी ‘सेन्सेई’ म्हणून लांब ठेवीत नाही; त्याला हसतात आणि जवळ बसवतात.

मग महाराष्ट्र मंडळे कशासाठी, असे कोणी विचारील. ती हवीतच. लंडनचे मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. गणपतीच्या दिवसांत आरतीला आवाज मिसळला की महिनाभराचा शीण जातो. अडीअडचणीला पहिला धावतो तो मंडळातलाच कोणीतरी. पण मंडळ ही ओसरी आहे. ओसरीवर टेकावे, पाणी प्यावे, दम खावा; सारा मुक्काम ओसरीवरच केला, तर घर आतून कधी दिसणार? आणि मंडळ सगळीकडे असतेच असे नाही. शिक्षकाची नेमणूक पुष्कळदा आडगावच्या शाळेत होते. तिथे मराठी बोलणारा एकच, आरशातला.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे मागे राहिलेल्या आईबापांविषयी. पूर्वी आंतरराष्ट्रीय पत्रावर चार ओळी यायच्या आणि त्या महिनाभर पुरायच्या. आता व्हिडिओ कॉल आहे, आणि तो रोज हवा असतो. आपल्याकडे दिवेलागण होते तेव्हा जपानात रात्रीचे साडेनऊ-दहा वाजलेले असतात, थायलंडात आठ. आईला तोंड पाहायचे असते, आजीला आवाज ऐकायचा असतो. मुलगी शहाणी असते. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून ती मैत्रिणींचे बोलावणे नाकारते आणि फोनसमोर बसते. आपल्याला वाटते, किती माया! खरे पाहता, तिची तिथली संध्याकाळ आपण इथे बसून खाल्लेली असते. अशा हजार संध्याकाळी गेल्या, की ती तिथलीही होत नाही आणि इथलीही राहत नाही.

तेव्हा बॅग भरताना संत्राबर्फीचा एक डबा जास्त ठेवावा. तो तिच्यासाठी नव्हे. ज्याचे नाव तिला अजून ठाऊक नाही, अशा शेजाऱ्यासाठी. आणि एखाद्या संध्याकाळी तिचा निरोप आला, की आई, आज बोलायला वेळ नाही, मी बाहेर चालले आहे, तर रुसून बसू नये. आपली लेक रुळली, असे समजून त्या रात्री निवांत झोपावे.